‘सिस्टिमने केलंय’ म्हणाले तर पुढे काय? अल्गोरिदमच्या हाताखाली काम करणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

ज्या ॲपवर काम करता त्यावरचा आयडी बंद झालाय. कारण विचारलं तर सपोर्टवरचा मुलगा म्हणतो, "सिस्टिमने केलंय, माझ्या हातात काही नाही." गोदामात पिकिंगचा, म्हणजे वस्तू उचलण्याचा, वेग कमी पडला म्हणून वॉर्निंग येते, पण तो वेग कोणी ठरवला हे टीम लीडरलाही सांगता येत नाही. घरून काम करणाऱ्याचा ‘ॲक्टिव्ह टाइम’ ६१ टक्के दिसतो आणि अप्रेझलच्या वेळी तोच आकडा पुढे केला जातो. फोनवर बोलून केलेलं काम त्यात धरलेलंच नसतं.

यात माणूस कुठेच नाही असं वाटतं, पण तो असतो. एका वस्तूला किती सेकंद द्यायचे, किती ऑर्डर नाकारल्या की पुढच्या कमी करायच्या, रेटिंग कितीच्या खाली घसरलं की आयडी तोडायचा, हे कोणीतरी बसून ठरवलेलं असतं. कारखान्याच्या फाटकावर नियमावली टांगलेली असते तसाच हा नियम, फक्त तो वाचायला मिळत नाही. म्हणून अल्गोरिदमला, म्हणजे सॉफ्टवेअर ज्या सूत्राने निर्णय घेतं त्याला, मालकाने केलेला नियम समजायचं आणि नियमाबाबत कामगार जे जे करतात ते ते करायचं. तो लेखी मागायचा, त्याचे परिणाम नोंदवायचे, चुकला तर आव्हान द्यायचं आणि जाचक असेल तर एकत्र येऊन बदलून घ्यायचा. त्यासाठी कोडिंग यायला लागत नाही. चिकाटी आणि कागद सांभाळायची सवय मात्र लागते.

कायदे देशोदेशी वेगळे आहेत. खाली जे दाखले दिलेत ते त्या त्या ठिकाणचे आहेत; पण मागणी कशी मांडायची हे त्यांतून कुठेही शिकता येतं.

पायरी १: यंत्र नेमकं काय ठरवतंय ते शोधा

"अल्गोरिदम अन्याय करतो" अशा तक्रारीला कोणी उत्तर देत नाही, कारण त्यात उत्तर देण्यासारखं काही नसतं. तक्रार नेमकी हवी. कामावरचं सॉफ्टवेअर ढोबळमानाने चार गोष्टी ठरवतं: काम कोणाला मिळणार, झालेलं काम कसं मोजायचं, मोबदला किती, आणि कारवाई कोणावर. आरडाओरडा होतो तो शेवटच्या दोन गोष्टींवर. पण दुखणं बऱ्याचदा पहिल्या गोष्टीत असतं, कारण काम कमी देणं ही शिक्षा असूनही तिला शिक्षा म्हटलं जात नाही.

इटलीतल्या बोलोन्यामध्ये नेमकं हेच झालं. जेवण पोचवणाऱ्या डिलिव्हरू कंपनीची स्लॉट, म्हणजे कामाच्या वेळा, वाटणारी यंत्रणा रायडरांना विश्वासार्हतेचे गुण द्यायची. आधी बुक केलेला स्लॉट वेळेत रद्द केला नाही आणि कामावरही आलं नाही की गुण जायचे, आणि गुण गेले की चांगले स्लॉट निवडायला उशिरा संधी मिळायची. रायडर आजारी होता, संपावर होता की उगाच आला नव्हता, यात यंत्रणा फरकच करायची नाही. ३१ डिसेंबर २०२० रोजी तिथल्या कामगार न्यायालयाने हा अप्रत्यक्ष भेदभाव ठरवला आणि ५०,००० युरोंची भरपाई द्यायला लावली. सगळ्यांना सारखाच लावलेला नियमही भेदभाव करू शकतो, हे त्या निकालातून घ्यायचं. दावा रायडरांच्या वतीने कामगार संघटनांनी लावला होता, हेही ध्यानात असू द्या.

तुमच्या कामाचा असा नकाशा करायला एक पान पुरतं. चार रकाने आखा: कोणता आकडा दिसतो, तो कशावरून येतो, त्यामुळे काय होतं, मध्ये माणूस कुठे बघतो. माहिती मिळते सेवाशर्तींत, प्रायव्हसी पॉलिसीत, ॲपच्या हेल्प विभागात, ट्रेनिंगच्या स्लाइडमध्ये, वॉर्निंगच्या मेलमध्ये. सेवाशर्तींची प्रत तारखेसह उतरवून ठेवा, कारण त्या गुपचूप बदलतात आणि मागची आवृत्ती नंतर सापडत नाही. जो रकाना रिकामा राहील, तोच तुमचा पुढचा प्रश्न.

पायरी २: स्वतःची नोंद ठेवा

कंपनीकडे तुमच्या प्रत्येक मिनिटाचा डेटा आहे आणि तुमच्याकडे फक्त आठवण. ही विषमता पहिल्याच दिवसापासून कमी करायला लागा. लोक आयडी बंद झाल्यावर स्क्रीनशॉट काढायला धावतात; तोवर लॉगिनच गेलेलं असतं.

डिलिव्हरीच्या कामातली एक नोंद कशी असावी ते पाहा:

दुपारी १.१२ ला ऑर्डर. ॲपवर अंतर ३.४ किमी, गाडीच्या मीटरवर ५.१. हॉटेलात थांबलो १.२१ ते १.४३, ऑर्डर तयार नव्हती, १.३० ला सपोर्टला चॅटवर कळवलं. पोचवली २.०४. दाखवलेला मोबदला ६४, जमा ५८. शेरा: ‘उशीर’ असा खुणेचा इशारा आला.

एवढंच. रागलोभ लिहू नका, अंदाज लिहू नका. पण या मोजक्या ओळींतून अंतरातला फरक, मोबदल्यातली तूट आणि दुसऱ्यामुळे झालेल्या उशिराचा तुमच्यावर बसलेला ठपका, अशा तीन गोष्टी सिद्ध करता येतात. गोदामात हेच वेगळ्या रूपात लिहायचं: शिफ्ट, टार्गेट, झालेली संख्या, स्कॅनर बंद पडला ती वेळ, पाणी प्यायला वा बाथरूमला गेलेली मिनिटं, त्यावर कोणी काही बोललं का. कॉल सेंटरमध्ये कॉलचा स्कोअर आणि तो कॉल प्रत्यक्षात कशाबद्दल होता. ऑफिसात, ज्या कामाची सॉफ्टवेअरला गंधवार्ताही नसते ते काम: मीटिंग, फोन, कागदावरची आखणी, नव्या सहकाऱ्याला शिकवणं.

स्क्रीनशॉट काढताना तारीख आणि वेळ दिसेल असं बघा. दर आठवड्याला ते फोनबाहेर, स्वतःच्या मेलवर किंवा ड्राइव्हवर टाका. कंपनीने दिलेल्या फोनवर किंवा कंपनीच्या मेलवर यातलं काहीही ठेवू नका.

दोन गोष्टी मात्र कटाक्षाने टाळा. एक, ग्राहकांची नावं, पत्ते, फोन नंबर तुमच्या नोंदीत येता कामा नयेत. आले तर काळ्या पट्टीने झाका. नाहीतर मूळ तक्रार बाजूला राहते आणि तुमच्यावरच गोपनीयताभंगाचं बालंट येतं. दुसरी, फेक जीपीएस, ऑटो क्लिकर, माऊस हलवणारं यंत्र, दुसऱ्याचा भाड्याने घेतलेला आयडी. जाचक यंत्रणेला चकवण्याचा मोह होतो, आणि मला तो समजतोही. पण उद्या तुमची बाजू मांडायला कोणी उभं राहिलं तर पहिल्या पाच मिनिटांत या एका गोष्टीवरून सगळी केस कोसळते.

पायरी ३: माहिती लेखी मागा

तोंडी विचारलेल्या प्रश्नाला तोंडीच टोलवलं जातं. चॅटवर विचारलं तर चॅट बंद होतो. म्हणून मेल, किंवा पोच मिळेल असं पत्र. मजकूर साधारण असा:

विषय: माझ्या वैयक्तिक माहितीची व माझ्याबाबतच्या स्वयंचलित निर्णयांची माहिती मिळण्याबाबत

महोदय,
माझा आयडी क्रमांक ___ असून मी दि. ___ पासून आपल्याकडे काम करीत आहे. कृपया पुढील माहिती लेखी द्यावी.
१) दि. ___ ते दि. ___ या काळातील माझ्या लॉगिन, कामवाटप, स्थान, रेटिंग व मोबदल्याच्या नोंदी, संगणकावर उघडता येतील अशा स्वरूपात.
२) मला दिलेले सर्व स्कोअर, श्रेणी व शेरे, आणि ते कोणत्या माहितीवरून काढले.
३) दि. ___ चा निर्णय (___) स्वयंचलित होता का? त्यात व्यक्तीचा सहभाग असल्यास ती कोणत्या पदावरची होती आणि तिने काय तपासले?
४) त्या निर्णयात कोणते निकष धरले व त्यांपैकी कोणत्या निकषाला किती महत्त्व दिले?
५) ही माहिती आणखी कोणाला दिली आहे?
कृपया ___ दिवसांत उत्तर द्यावे.

तुमच्या देशात माहिती संरक्षणाचा कायदा असेल तर पहिल्याच ओळीत त्याचं कलम घाला. पत्राचं वजन वाढतं. युरोपीय संघात जीडीपीआरचं, म्हणजे तिथल्या माहिती संरक्षण कायद्याचं, कलम १५ आपल्या माहितीची प्रत आणि स्वयंचलित निर्णयामागचा तर्क समजून घेण्याचा हक्क देतं. कंपनीला एक महिन्यात उत्तर द्यावं लागतं, गुंतागुंतीचं प्रकरण असेल तर आणखी दोन महिने वाढवून मिळतात. कलम २२ नुसार, ज्या निर्णयाचा माणसावर मोठा परिणाम होतो तो निव्वळ यंत्रावर सोडता येत नाही. काही अपवाद आहेत, पण तिथेही माणसाकडून फेरतपासणी मागता येते. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात स्वतःच्या माहितीचा सारांश मागण्याचा हक्क आहे, पण कलम २२ सारखं काही नाही. कॅलिफोर्नियाचा गोदाम कामगारांचा कायदा २०२२ पासून लागू आहे. त्यानुसार टार्गेट लेखी द्यावं लागतं, आणि टार्गेटमुळे जेवणाची सुट्टी किंवा बाथरूमला जाणं बुडत असेल तर ते पूर्ण न केल्याबद्दल कारवाई करता येत नाही. कामगाराने मागितला तर त्याच्या मागच्या ९० दिवसांच्या कामाच्या वेगाचा डेटाही द्यावा लागतो.

उत्तरात "हे आमचं व्यापारी गुपित आहे" असं ऐकायची तयारी ठेवा. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०२५ च्या निकालात त्याचा बंदोबस्त केला आहे. प्रकरण मोबाइल कनेक्शन नाकारलेल्या एका ग्राहकाच्या क्रेडिट स्कोअरचं होतं, कामगाराचं नव्हे, पण तत्त्व तेच. निर्णय कोणत्या पद्धतीने आणि कोणत्या माहितीवर झाला हे सामान्य माणसाला कळेल असं सांगावंच लागतं. गुपिताचा दावा असेल तर कंपनीने ती माहिती न्यायालयापुढे किंवा नियामकापुढे ठेवायची, आणि किती उघड करायची ते त्यांनी ठरवायचं. तुमच्या देशात हा निकाल बंधनकारक नसला तरी युक्तिवाद म्हणून वापरायला कोणाची हरकत?

मिळालेली फाइल बघून निराश होऊ नका. बहुधा ती हजारो ओळींचा एक्सेलचा ढिगारा असते आणि हवी ती गोष्टच नसते. काय दिलं नाही याची यादी करा आणि दुसरं पत्र पाठवा. पहिल्या उत्तरावर थांबणारे खूप असतात, कंपन्यांचा हिशेबही त्यावरच चालतो.

पायरी ४: आयडी बंद झाला किंवा स्कोअरवरून काढलं, तर

इथे वेळ महत्त्वाचा. ॲप काढून टाकू नका, नवा आयडी उघडू नका, रागाच्या भरात सपोर्टला शिव्या घालू नका. ती चॅटसुद्धा उद्या कंपनीचा पुरावा होते. सूचना आली त्या पडद्याचा फोटो घ्या. लॉगिन थोडं जरी शिल्लक असेल तर पेआउटचा इतिहास, रेटिंग, जुन्या वॉर्निंग लगेच उतरवून घ्या. येणं बाकी असलेले पैसे वेगळ्या मेलमध्ये मागा. आयडीचा वाद आणि केलेल्या कामाचा मोबदला या दोन निराळ्या गोष्टी आहेत, त्या एकत्र कालवल्या तर दोन्ही अडकतात.

मग अपील. छोटं ठेवा. आरोप काय, कोणत्या दिवशीचा, पुरावा काय, निर्णय घेणारी व्यक्ती कोण, आणि माझी बाजू ऐकून निर्णय बदलण्याचा अधिकार तिला आहे का. ‘सेवाशर्तींचा भंग’ एवढंच लिहून आलं असेल तर कोणत्या शर्तीचा ते विचारा. आपणहून दहा खुलासे देत बसू नका. न केलेल्या आरोपांची उत्तरं देणाऱ्यावर संशय वाढतो.

‘माणसाने तपासलं’ असं उत्तर आलं तर त्यावर गप्प बसायचं कारण नाही. ॲम्स्टरडॅमच्या अपील न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये उबरच्या चालकांच्या प्रकरणात नेमका हाच मुद्दा खोदून काढला. फसवणुकीच्या आरोपावरून आयडी बंद केले होते आणि कंपनीचं म्हणणं होतं की कर्मचाऱ्यांनी ते तपासले. त्या तपासणीला प्रतीकात्मक कृतीपलीकडे फारसा अर्थ होता असं कंपनीला दाखवता आलं नाही, असं न्यायालयाने म्हटलं. त्याच दिवशीच्या ओलाच्या प्रकरणात, चालकांना लावलेला ‘फसवणुकीच्या शक्यतेचा स्कोअर’ आणि कमाईवरून केलेली त्यांची वर्गवारी याबद्दलची माहिती देण्याचा आदेश झाला. तेव्हा विचारा: तपासणाऱ्याने काय पाहिलं, किती वेळ पाहिलं, माझं म्हणणं वाचलं का, आणि यंत्राच्या विरुद्ध निर्णय द्यायची त्याला मुभा होती का?

ओळख पटवायला ॲपने मागितलेली सेल्फी जुळली नाही म्हणून आयडी गेला असेल तर आणखी एक गोष्ट. चेहरा ओळखणारी यंत्रणा काळ्या-सावळ्या चेहऱ्यांवर जास्त चुकते, हे वेगवेगळ्या चाचण्यांतून दिसलं आहे. ब्रिटनमध्ये एका कृष्णवर्णीय डिलिव्हरी कामगाराने अशाच प्रकरणात उबर ईट्सविरुद्ध दावा लावला, समानता आयोग आणि त्याची युनियन पाठीशी उभे राहिले, आणि २०२४ मध्ये तडजोडीने त्याला भरपाई मिळाली. म्हणून दर वेळी सेल्फीचा पडदा जपून ठेवा आणि दुसऱ्या मार्गाने ओळख पटवण्याची संधी लेखी मागा.

कायद्याचा आधार हळूहळू वाढतो आहे. युरोपीय संघाच्या ॲपवरच्या कामासाठीच्या २०२४ च्या ‘प्लॅटफॉर्म वर्क’ निर्देशानुसार आयडी स्थगित किंवा बंद करण्याचा निर्णय माणसानेच घ्यायचा, लेखी कारणं द्यायची, आणि फेरविचाराच्या अर्जाला दोन आठवड्यांत उत्तर द्यायचं. सदस्य देशांना तो आपल्या कायद्यात आणायला २ डिसेंबर २०२६ पर्यंत मुदत आहे. कर्नाटकच्या २०२५ च्या गिग कामगार कायद्यात काम थांबवण्यापूर्वी कारणासह १४ दिवसांची नोटीस आहे. अमेरिकेतल्या सिएटल शहरातही ॲपवरच्या कामगारांसाठी जानेवारी २०२५ पासून पूर्वसूचना आणि माणसाकडून फेरतपासणी यांचा नियम आहे.

पायरी ५: एकट्याची नोंद सगळ्यांची करा

पन्नास पत्रांनंतरही एकट्या माणसाला एक गोष्ट कधीच कळत नाही, ती म्हणजे नियम. त्याला फक्त स्वतःवर झालेला परिणाम दिसतो. माझा मोबदला घटला तो माझ्या रेटिंगमुळे, मार्गामुळे, की सगळ्यांचाच घटला? तुलनेशिवाय उत्तर नाही.

२०२० मध्ये अमेरिकेत शिप्ट या खरेदी पोचवणाऱ्या कंपनीने मोबदल्याचं सूत्र बदललं आणि नवं सूत्र सांगितलंच नाही. कामगारांनी तिथल्या एमआयटी विद्यापीठातल्या एका संशोधकाच्या मदतीने साधी युक्ती केली. प्रत्येकाने मोबदल्याच्या पावतीचा स्क्रीनशॉट एका नंबरवर मेसेजने पाठवायचा. तिकडे प्रोग्राम त्यातले आकडे वाचून जुन्या दराशी ताडून बघायचा. दोनशेहून जास्त कामगारांनी पावत्या दिल्या. त्यांतल्या सुमारे ४० टक्के लोकांचा मोबदला किमान १० टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. कोणाचा वाढलाही होता, म्हणूनच एकेकट्याच्या बोलण्यात मेळ बसत नव्हता.

तुम्हाला प्रोग्राम लागणार नाही. सगळ्यांनी एकाच नमुन्यात नोंद ठेवायची, महिनाभर, आणि दोघा-तिघा विश्वासू लोकांनी ती एका एक्सेलमध्ये चढवायची. नावाऐवजी क्रमांक द्या आणि नाव-क्रमांकाची यादी वेगळी, एकाकडेच ठेवा. प्रश्न आधी ठरवा, म्हणजे काय गोळा करायचं ते ठरतं: एकाच भागात, एकाच वेळी, तेवढ्याच अंतराला दोघांना वेगळे पैसे का? ऑर्डर नाकारल्यावर पुढच्या तासात किती ऑर्डर येतात? बायकांना रात्री न थांबल्यामुळे स्कोअरमध्ये फटका बसतो का? गोदामात वयस्कर लोकांना वॉर्निंग जास्त येतात का? आकडे तुमच्या म्हणण्याच्या उलट निघाले तर तेही मान्य करा. वाटाघाटीच्या टेबलावर खोटा आकडा एकदा पकडला गेला की बाकीचे खरे आकडेही गेले.

व्हॉट्सॲप ग्रुप हाताशी असतो, पण त्यात शंभरावा माणूस कोण आहे हे कोणालाच माहीत नसतं. चर्चेला ग्रुप ठीक. नोंदी, याद्या आणि डावपेच तिथे नकोत.

पायरी ६: प्रतिनिधी निवडा आणि मागणीपत्र द्या

मान्यताप्राप्त युनियन असेल तर काम सोपं: अल्गोरिदम हा विषय सेवाशर्तींचाच आहे असं ठणकावून पुढच्या बैठकीच्या अजेंड्यावर घ्यायला लावा. जर्मनीत कामगारांचं वर्तन किंवा कामगिरी यांवर लक्ष ठेवणारं तांत्रिक साधन आणायला कामगारांनी निवडलेल्या कामगार परिषदेची संमती लागते, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर एआयचं प्रकरण असेल तर परिषदेला तज्ज्ञ बोलावता येतो. स्पेनच्या २०२१ च्या ‘रायडर कायद्या’ची चर्चा डिलिव्हरीपुरती झाली, पण त्यातलं एक कलम सगळ्याच कंपन्यांना लागू आहे: कामाची स्थिती, नोकरीवर घेणं किंवा टिकवणं यांवर परिणाम करणाऱ्या अल्गोरिदमचे निकष आणि नियम कामगार प्रतिनिधींना सांगावे लागतात. त्याच वर्षी तिथे जेवण पोचवणाऱ्या जस्ट ईटने दोन मोठ्या कामगार महासंघांशी केलेल्या करारात अल्गोरिदमवर नजर ठेवणारी समितीही आली.

युनियन नसेल, किंवा सगळे ‘पार्टनर’ म्हणून नोंदलेले असतील, तर आपापल्या भागातून, शिफ्टमधून एकेक प्रतिनिधी निवडा आणि त्याच्या नावे सह्यांचं अधिकारपत्र करा: आमच्या वतीने माहिती मागण्याचा आणि बोलण्याचा अधिकार या व्यक्तीला आहे. कागद साधा असतो, पण "तुम्ही कोणाच्या वतीने बोलता?" या पहिल्या प्रश्नाला तोच उत्तर देतो. प्रतिनिधी एकच नको; एकाचा आयडी बंद करणं फार सोपं आहे.

मागणीपत्रात सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, मागू नका. त्यावर कंपनी आनंदाने वर्षभर भांडेल, आणि मिळाला तरी वाचणार कोण? मागायचं ते हे: कोणती माहिती आत जाते, कोणत्या गोष्टीला किती वजन, कोणत्या आकड्यावर काय कारवाई, आणि बदल कधी होणार. मग अटी. माझ्या मते पहिली आणि न सोडायची अट अशी की केवळ स्कोअरवरून कोणालाही शिक्षा होणार नाही. माणूस बघेल, ऐकेल आणि सही करेल. त्यानंतर:

• बदलाआधी ठरलेल्या दिवसांची लेखी सूचना, आणि नव्या यंत्रणेच्या चाचणीच्या काळात तिच्या आकड्यांवरून कारवाई नाही.
• आजारपण, संप, युनियनचं काम, बाथरूम, पाणी, यंत्र बिघडणं, दुसऱ्यामुळे झालेला उशीर हे सगळं मोजणीतून बाहेर.
• लॉगआउटनंतर ट्रॅकिंग बंद. डेटा किती दिवस ठेवणार ते लिहून द्यायचं.
• ग्राहकाच्या खोट्या किंवा द्वेषमूलक रेटिंगला आव्हान देण्याची सोय.
• दर सहा महिन्यांनी बाई-पुरुष, वय, अपंगत्व, भाग यांनुसार परिणामांची तपासणी, आणि तिचा अहवाल प्रतिनिधींना.
• तज्ज्ञाचा खर्च कंपनीचा.

शेवटची मागणी अवास्तव वाटेल. पण युरोपीय निर्देशात, एखाद्या सदस्य देशात २५० हून जास्त कामगार असलेल्या प्लॅटफॉर्मने हा खर्च उचलायचा आहे. तोच निर्देश कामगारांच्या भावना किंवा मानसिक स्थितीवरचा डेटा, त्यांची खासगी संभाषणं, ते संघटित होतील का याचा अंदाज बांधणं, या सगळ्याला मज्जाव करतो, आणि कामगारांना आपसात व प्रतिनिधींशी बोलायला सुरक्षित मार्ग उपलब्ध करून द्या असंही सांगतो. कामाच्या ठिकाणी चेहऱ्या-आवाजावरून भावना ओळखणाऱ्या एआयवर युरोपात फेब्रुवारी २०२५ पासून बंदीच आहे. वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं तेवढी अपवाद.

बैठकीत एक वाक्य हमखास येतं: "सॉफ्टवेअर व्हेंडरचं आहे, आत काय चालतं ते आम्हालाच माहीत नाही." हे ऐकून गडबडू नका, उलट ते इतिवृत्तात जसंच्या तसं लिहून घ्या. ज्याचं कारण सांगता येत नाही त्या आकड्यावरून माणसाला काढणारी कंपनी पुढे न्यायालयात तो निर्णय कसा टिकवणार? शिवाय व्हेंडरने सेटिंगचं मॅन्युअल दिलेलं असतं, आणि टार्गेटचा आकडा त्या सेटिंगमध्ये कंपनीच्याच माणसाने भरलेला असतो. मॅन्युअल आणि सेटिंगचा पडदा मागा.

पायरी ७: दाद कुठे मागायची

एकाच घटनेला दोन-तीन दरवाजे असू शकतात. मोबदला, काढून टाकणं, टार्गेट: कामगार विभाग किंवा कामगार न्यायालय. डेटा आणि पाळत: माहिती संरक्षण नियामक. दुखापत किंवा अतिताण: आरोग्य-सुरक्षा निरीक्षक, टार्गेटच्या धावपळीत झालेल्या अपघाताची नोंद करताना त्या दिवसाचा टार्गेटचा आकडाही लिहायला लावा, सहसा तो राहून जातो. भेदभाव: समानता किंवा मानवी हक्क आयोग.

नियामकांकडे गेलेल्या तक्रारी हवेत विरत नाहीत. इटलीच्या माहिती संरक्षण प्राधिकरणाने २०२१ मध्ये ग्लोव्हो या डिलिव्हरी कंपनीच्या तिथल्या उपकंपनीला २६ लाख युरोंचा आणि डिलिव्हरूला २५ लाखांचा दंड केला, रायडरांचा डेटा आणि अल्गोरिदम हाताळण्याच्या पद्धतीवरून. फ्रान्सच्या नियामकाने जानेवारी २०२४ मध्ये ॲमेझॉनच्या गोदाम कंपनीला ३.२ कोटी युरोंचा दंड जाहीर केला. स्कॅनर दहा मिनिटं थांबला की लागणारा इशारा हा त्यातला एक मुद्दा होता. कंपनी त्याविरुद्ध अपिलात गेली.

तुम्हाला ‘पार्टनर’ म्हणत असतील आणि म्हणून कामगार कायदा लागू नाही असं सांगत असतील, तर पायरी १ चं ते पान इथे कामी येतं. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने १९ फेब्रुवारी २०२१ रोजी उबरचे चालक ‘वर्कर’ आहेत असं ठरवताना करारातले शब्द नव्हे, तर प्रत्यक्षातला ताबा पाहिला. भाडं कंपनी ठरवते, शर्ती कंपनी ठरवते, ऑर्डर नाकारण्याच्या प्रमाणावर नजर ठेवून दंड करते, रेटिंगने कामावर नियंत्रण ठेवते, प्रवाशाशी चालकाचं नातं जुळू देत नाही. म्हणजे ज्या यंत्रणेने चालकांना जखडलं होतं, तीच त्यांच्या बाजूचा पुरावा झाली. तुमच्या नोंदीत या पाचांपैकी काय काय आहे ते खुणा करून वकिलाला दाखवा.

तक्रार केली म्हणून सूड उगवला जाण्याची भीती खरी आहे, ती हसण्यावारी नेऊ नका. तक्रार केल्याची तारीख आणि त्यानंतर स्लॉट, ऑर्डर, शिफ्ट यांत झालेले बदल एकाखाली एक लिहीत जा. कॅलिफोर्नियाच्या त्याच गोदाम कायद्यात, वेगाचा डेटा मागितल्यापासून किंवा टार्गेटबद्दल तक्रार केल्यापासून ९० दिवसांच्या आत प्रतिकूल कारवाई झाली तर ती सूडानेच झाली असं आधी गृहीत धरलं जातं आणि तसं नाही हे दाखवण्याची जबाबदारी मालकावर येते. जिथे असं कलम नाही तिथे या तारखाच उपयोगी पडतात.

आणि मुदती. दावा लावण्याची मुदत काही ठिकाणी अवघ्या काही महिन्यांची असते आणि कंपनीकडे अपील चालू आहे म्हणून ती थांबतेच असं नाही. आयडी बंद झाला त्या आठवड्यातच युनियनच्या किंवा कायदा सहाय्य केंद्राच्या माणसाला गाठून शेवटची तारीख विचारा, आणि जाताना चार गोष्टी न्या: नकाशाचं पान, नोंदवही, पाठवलेली पत्रं पोचेसह, आणि सेवाशर्तींची ती जुनी प्रत.